खालची हवा

इड्वल म्हणाला, आधी तिला आंघोळ घाल.
गळती कुठून आहे ते तेलाला विचारू नये,
ते वाऱ्यानं मागं पसरतं आणि खोटं बोलतं.
म्हणून रॉकेल, ब्रश, जुना टॉवेल.
बेथेस्डाच्या उतारावर, मागच्या अंगणात
त्रेपन्न सालचं इंजिन मी पुसत बसले,
ग्विलिमला शेवटच्या आठवड्यात पुसायची तसं,
सांध्यासांध्यांतून.

मग पावडर. नातवाच्या डब्यात राहिलेली.
सिलिंडरच्या पात्या, पुशरॉडच्या नळ्या,
सगळं पांढरं,
गाडी चुकून बेकरीत शिरल्यासारखी.
"आता चॅपलपर्यंत जाऊन ये. वाटेत गप्पा नकोत."
एकाहत्तराव्या वर्षी मी किक मारली.
चौथ्या खेपेला लागली.

परत आले तेव्हा पावडरीवर तीन काळ्या रेघा.
एक नळीच्या बुडाशी,
एक रॉकरच्या झाकणाखाली,
एक भलतीकडंच, डायनामोच्या मागं.
वर्षभरात सगळी सील मी बदललेली,
गॅस्केट दोनदा,
लाल चिकट लेप किती ते देव जाणे.
जखम मांडीला, मलम शेंडीला.

इड्वल चार पायऱ्या उतरून आला.
दोनदा थांबला, कठडा धरून.
ज्या दगडाची कौलं होतात, शाळेच्या पाट्या व्हायच्या,
त्याची पस्तीस वर्षांची भुकटी छातीत.
तो बोलत नाही त्याबद्दल. मीही विचारत नाही.

"तीन ठिकाणी एकदम उसवलं," तो म्हणाला,
"तर दोष शिवणीत नसतो."
रॉकरचं एक झाकण काढून
त्या तोंडावर त्यानं माझा हातमोजा बसवला,
भांडी घासायचा, पिवळा, रबरबँड लावून.
इंजिन सुरू केलं.
मोजा उठला.
पाचही बोटं ताठ, दुभत्या गाईच्या कासेसारखी,
आणि रबरबँडसकट उडून कोबीत पडला.
आम्ही हसलो. त्याला ठसका लागला, बराच वेळ.

"दोन्ही पिस्टन एकदमच खाली येतात,
जुळ्या पोरांनी पायरीवरून उडी मारावी तसे.
खालच्या हवेनं जायचं कुठं?
तिला वाट मिळाली नाही की
ती तेलाला पुढं घालते."

वाट शोधायला गुडघ्यांवर मीच बसले.
इंजिनातून निघालेली रबरी नळी
गिअरबॉक्सच्या मागून, चेनगार्डच्या कडेनं,
पार मागच्या चाकापर्यंत.
बोटांनी चाचपत गेले.
टोकाशी काहीतरी कठीण लागलं.

बूच.
सफरचंदाच्या फांदीचं, चाकूनं तासलेलं,
एका बाजूला साल अजून तशीच.
वरून वायर पिळलेली, दोन वेढे,
आणि तिचं टोक आत वळवलेलं,
कुणाच्या हाताला लागू नये म्हणून.
असं एकच माणूस करायचा.

नव्या फरश्या टाकल्या त्या उन्हाळ्यात
काळे डाग पाहून मी काय काय बोलले होते.
तो ऐकून घेत राहिला, हात पुसत.
दुसऱ्या दिवसापासून डाग बंद.
मला वाटलं, जिंकले.
पुढं इंजिन इकडून तिकडून पाझरायला लागलं तेव्हा म्हणाला,
"वय झालं तिचं."

इड्वलनं बूच बोटांत फिरवलं, नाकाशी धरलं.
"घट्ट बसवलेलं," एवढंच म्हणाला,
एका कारागिरानं दुसऱ्याबद्दल म्हणावं तसं.

पुन्हा पावडर, पुन्हा चॅपल.
या खेपेस पांढरं ते पांढरंच.
नळीच्या तोंडाशी तळवा धरला:
ऊन फुंकर, किंचित ओढ,
पुन्हा फुंकर.

स्टँडवर लावली.
पाचेक मिनिटांनी फरशीवर एक थेंब पडला,
मग दुसरा, अगदी सावकाश.
बिस्किटांचा रिकामा डबा मी आणला खाली ठेवायला.
मग नाही ठेवला.
इड्वल कोबीत मोजा शोधत होता.